खिळे ठोकलेलं वाक्य

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काळा रंग आणि खडूची धूळ येणार. तो माझा चुलतभाऊ. माझी जात वेगळी. माझ्या अंगावर एकाखाली एक अशा तीन आडव्या खाचा आहेत आणि त्या खाचांतून पट्ट्या सरकायच्या. आता सरकत नाहीत. का सरकत नाहीत, तेच तुम्हाला सांगायचं आहे. ऐकायला गोड वाटेल अशी ही गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलायची हौस मलाही होती, पण ती केव्हाच फिटली.

माझा जन्म एका मोडक्या कपाटातून झाला. कपाट वाळवीने पोखरलं होतं, पण त्याचं एक दार मात्र धडधाकट होतं. ते दार घेऊन बाई सुताराकडे गेल्या. बाई म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्या बाई. त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई होत्या.

"ह्याचं काय करू? शेल्फ?" सुताराने विचारलं.

"नाही, वाक्य करा," बाई म्हणाल्या.

सुताराने कान खाजवला. आयुष्यात त्याने पलंग केले होते, दारं केली होती, पण वाक्य करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. बाईंनी कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मग त्याने रंधा मारला, खाचा पाडल्या आणि त्यांत बसतील अशा पातळ पट्ट्या कापल्या. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याने त्या पट्ट्यांवर इंग्रजी अक्षरं काढली. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. त्याने एकेक अक्षर चित्र काढावं तसं काढलं, म्हणून ती इतकी देखणी उतरली.

बाईंची शिकवणी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. जिना अरुंद, बाकं डुगडुगणारी, खिडकीतून रबराचा आणि वंगणाचा वास येणारा. शिकायला यायची ती मोठी माणसं. दिवसभर कुठेकुठे राबून संध्याकाळी यायची. कोणाला बढती हवी असायची, कोणाला नोकरी बदलायची असायची, कोणाला फक्त साहेबापुढे मान वर करून उभं राहायचं असायचं.

बाईंची शिकवण्याची रीत अशी होती. माझ्या वरच्या खाचेत पाटीची एक कोरी पट्टी असायची. तिच्यावर ज्याने त्याने आपण त्या दिवशी काय केलं ते लिहायचं. 'आय ओपन्ड द डोअर', मी दार उघडलं. एवढं वाचून झालं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "कसं?" मग लिहिणाऱ्याने पिवळ्या पट्ट्यांच्या डब्यातून एक पट्टी शोधून मधल्या खाचेत सरकवायची. 'इन अ हरी' म्हणजे घाईघाईने, 'विथ केअर' म्हणजे जपून, 'बाय मिस्टेक' म्हणजे चुकून, 'ऑन पर्पज' म्हणजे मुद्दाम, 'विदाऊट अ वर्ड' म्हणजे एक शब्दही न बोलता. ती लागली की लगेच वर्ग पुन्हा ओरडायचा, "कशासाठी?" मग निळ्या पट्टीची पाळी. 'इन ऑर्डर टू', 'सो ॲज टू', 'फॉर द सेक ऑफ'. निळ्या पट्टीवर फक्त सुरुवात लिहिलेली असे. पुढचं ज्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने पुरं करायचं.

"मराठीत आपण सगळं आधी सांगतो," बाई म्हणायच्या. "बाळ उठू नये म्हणून, आवाज न करता, मी दार उघडलं. बिचारं क्रियापद आपलं सगळ्यांचं झाल्यावर, घरातल्या बाईसारखं शेवटी जेवायला बसतं. इंग्रजीत त्याला आधी वाढायचं. काय केलं ते सांगून टाकायचं, मग कसं, मग कशासाठी. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. नुसतं काय केलं ते कळून माणूस कळत नाही."

आणि बाईंचा एक नियम होता. वाक्य स्वतःचं पाहिजे आणि खरं पाहिजे. पुस्तकातलं चालायचं नाही.

ह्या नियमामुळे वर्गात फार मजा यायची. नळदुरुस्ती करणारा एक गृहस्थ होता, पोट सुटलेला, सदा हसतमुख. त्याने एकदा घाम पुसत पुसत वाक्य लावलं की मी एका घरातला नळ मुद्दाम थोडा ढिला ठेवला, 'सो ॲज टू', पुन्हा बोलावणं यावं म्हणून. वर्गात खसखस पिकली. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वाक्यात एकही चूक नाही. पण माझ्या घरचा नळ गळायला लागला तर मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावीन हं." त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसला तो नळवालाच.

ते माझे चांगले दिवस होते. बाई दर आठवड्याला माझ्या खाचांतून मेणबत्ती घासायच्या, म्हणजे पट्ट्या लोण्यासारख्या सरकतील. दमट हवेत त्या फुगल्या तर बाई त्या पदराखाली धरून उबवायच्या. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका मला बघायला यायच्या. "अय्या, किती सोपं केलंय!" म्हणायच्या. मी अंग ताठ करून भिंतीला टेकून उभा असायचो. लाकडाला गर्व होत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही लाकूड ओळखत नाही.

त्याच दिवसांत हॅलोताई आली. ती आधी एका कारखान्यात टेलिफोनवर बसायची. इंग्रजीत तिला 'हॅलो' आणि 'होल्ड ऑन' एवढंच यायचं, पण ते ती इतक्या झोकात म्हणायची की नाव तेच पडलं. चाळिशीची, अंगाने किरकोळ, केसांना घट्ट अंबाडा. नवरा आधीच गेला होता. पुढे सासूने अंथरूण धरलं तेव्हा तिने नोकरी सोडली आणि सासू जाईपर्यंत तिचं सगळं केलं. सासू गेली आणि दिराने घर विकलं. तेव्हापासून ती भावाकडे राहत होती.

भाऊ वाईट नव्हता. वहिनीही वाईट नव्हती. हॅलोताईच तसं म्हणायची. "पण बाई," ती म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात पंखा लावायचा तरी आधी इकडे तिकडे बघावं लागतं." तिला एक खोली हवी होती. लहानशी चालली असती. स्वतःच्या पंख्याची. त्यासाठी नोकरी हवी होती, आणि रस्त्याच्या टोकाला एक मोठं नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. तिथे चौकशीच्या टेबलावर माणसं घेणार होते, पण मुलाखत इंग्रजीतून होणार होती.

पहिले काही आठवडे ती मागच्या बाकावर नुसती बसून राहिली. मग एके दिवशी आपणहून उठली आणि पाटीवर लिहिलं, 'आय लेफ्ट माय जॉब'. मी नोकरी सोडली. वर्ग सवयीने ओरडला, "कसं?" ती पिवळ्या पट्ट्यांत बराच वेळ चाचपत राहिली. शेवटी तिने 'विदाऊट अ वर्ड' उचलली. एक शब्दही न बोलता. ती तिने माझ्या खाचेत सरकवली. "कशासाठी?" ह्या वेळी वर्ग जरा हळू ओरडला. तिने 'इन ऑर्डर टू' लावली आणि तोंडाने पुरं केलं, 'लुक आफ्टर माय मदर-इन-लॉ.' सासूला सांभाळण्यासाठी.

कोणी हसलं नाही. नळवाल्याने नाक ओढलं. बाई म्हणाल्या, "मुलाखतीत तुला हेच विचारणार. आधीची नोकरी का सोडली, म्हणून. तेव्हा असंच सांग, शब्दाला शब्द. आजाऱ्याला कसं सांभाळायचं हे जिला माहीत आहे ती बाई हॉस्पिटलला नकोशी होईल का?"

हॅलोताई त्या दिवशी जिना उतरताना 'विदाऊट अ वर्ड, इन ऑर्डर टू' असं पुटपुटत गेली. एखादं पोर खिशातलं नाणं चाचपून बघतं ना, तसं ती ते वाक्य चाचपून बघत होती. मी तिच्यावर खूश होतो. मला वाटलं, हिचं काम झालं.

मित्रांनो, आता जावई येतात.

बाईंना एकच लेक. तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत जावयांचं साहेबाशी फाटलं. ते नोकरी सोडून बायकोसह बाईंच्या घरी राहायला आले. तात्पुरते. हे तात्पुरतं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेलच. जावई दिसायला टापटीप, आवाज मधाळ, बुटांना कायम पॉलिश. सासूबाईंना ते कधी उलट बोलायचे नाहीत, कधी आवाज चढवायचे नाहीत. आवाज कोणावर चढायचा ते भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. शिकवणीची खोली आणि बाईंचं घर ह्यांत एकच भिंत होती.

जावई रिकामपणी वर्गात येऊन बसायला लागले. मग खुर्ची पुढे घेतली. मग एक दिवस म्हणाले, "सासूबाई, तुम्ही शिकवता झकासच. पण वेळ फार लागतो हो. एकेक माणूस आपली कहाणी सांगत बसतो. लोकांना काय हवंय? नोकरी! त्यांना उत्तर द्या ना हातात, तयार."

बाई म्हणाल्या, "तयार उत्तर म्हणजे भाषा नव्हे."

"तेच म्हणतोय मी, भाषा घेऊन ते करणार काय?" जावई हसून म्हणाले आणि चहा मागवला.

त्याच संध्याकाळी लेक वर्गात आली. पट्ट्या पुसायच्या निमित्ताने आईजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तू त्यांच्या मध्ये पडू नकोस. तुला ते काही बोलले तर तू विसरशील. मला त्यांच्याबरोबर राहायचंय." तिला तेव्हा सातवा महिना होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या काळ्यानिळ्या मनगटाकडे पाहिलं, आणि पुन्हा काही म्हणाल्या नाहीत.

मग जावयांनी शिकवणीचा ताबा घेतला. खाली सायकलवाल्याच्या दुकानाबाहेर मोठी पाटी लागली, हॉस्पिटलच्या नोकरीसाठी खास तयारी, म्हणून. हॉस्पिटलमध्ये दुरुस्तीला, स्वयंपाकघरात, टेबलावर अशी बरीच माणसं घेणार होते, म्हणून गर्दी झाली. जावयांनी माझ्यासाठी तीन नव्या पट्ट्या आणल्या, चकचकीत, छापील. पहिलीवर 'आय वर्क', दुसरीवर 'विथ फुल डेडिकेशन', तिसरीवर 'इन ऑर्डर टू सर्व्ह द पीपल'. मी काम करतो, संपूर्ण निष्ठेने, लोकांची सेवा करण्यासाठी. पुढचं तोंडाने पुरं करायला काही ठेवलंच नव्हतं.

नव्या पट्ट्या सुताराने कापलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या माझ्या खाचांत नीट बसेनात. ढिल्या पडून घसरायच्या. जावयांनी खालच्या सायकलवाल्याकडून हातोडी आणली आणि एकेका पट्टीला दोन्ही टोकांना खिळे ठोकले. मित्रांनो, पहिला खिळा आत शिरला तेव्हा माझ्या मनात आलं, चुकून झालं असेल. 'बाय मिस्टेक'. दुसऱ्या खिळ्याला कळलं की 'ऑन पर्पज' आहे. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर माझ्या जुन्या पिवळ्या-निळ्या पट्ट्या होत्या आणि त्या एकेक पट्टी फडक्याने पुसत होत्या. पुसलेली पुन्हा पुसत होत्या.

"बघा," जावई वर्गाला म्हणाले, "प्रश्न कुठलाही येऊ दे. उत्तर हेच. घोटून घोटून पाठ करा. झोपेतून उठवलं तरी हेच तोंडातून आलं पाहिजे."

"आणि नाव विचारलं तर?" नळवाल्याने विचारलं.

"नाव सांगा आणि मग हे सांगा."

हॅलोताई उभी राहिली. "सर, माझं एक वाक्य आहे. बाईंनी बघितलंय. नोकरी का सोडली त्याचं."

जावयांनी ते ऐकून घेतलं. अगदी मान डोलावत ऐकलं. मग म्हणाले, "ताई, वाईट वाटलं ऐकून. पण तिथे रडगाणं नको. त्यांना सेवा पाहिजे, सेवा."

"सासूचं केलं ती सेवाच ना?"

"अहो, घरातलं कोण मोजतं!"

हॅलोताईने बाईंकडे पाहिलं. सगळ्या वर्गाने बाईंकडे पाहिलं. एका शब्दाचा प्रश्न होता, मित्रांनो. बाईंनी नुसतं "तिचं तिला सांगू द्या" म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या वर्गात त्यांच्या शब्दाला अजून किंमत होती. पण बाई मूग गिळून बसल्या. फडकं पट्टीवरून फिरत राहिलं. हॅलोताई हळूच खाली बसली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांबरोबर पाठ करायला लागली. "आय वर्क विथ फुल डेडिकेशन..." पाढे म्हणावेत तसा सगळ्यांचा एक सूर. आता कोणी "कसं?" विचारत नव्हतं आणि कोणी "कशासाठी?" विचारत नव्हतं.

मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. संध्याकाळी सगळी वर्गात जमली. आधी नळवाला बोलला. नेहमीसारखा हसत हसत सुरू झाला खरा.

"मला विचारलं, वॉर्डात पाइप फुटला तर आधी काय कराल? आता हे मला येतं की नाही? मी हयात घालवली त्यात. आधी वरचा व्हॉल्व बंद करायचा, दुसरं काय! पण तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? आय वर्क विथ फुल डेडिकेशन. साहेब म्हणाला, ते ठीक आहे, पण पाइपचं काय? मी म्हटलं, इन ऑर्डर टू सर्व्ह द पीपल." त्याचं हसू मध्येच विरलं. "माझ्या आधी स्वयंपाकघरातले दोघं तेच म्हणून आले होते. साहेब कपाळाला हात लावून बसला."

हॅलोताई सगळ्यांत शेवटी आत गेली होती. तिथे तीन माणसं होती आणि त्यांत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी हसून बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला की आधीची नोकरी का सोडलीत.

"माझाच प्रश्न होता हो तो," हॅलोताई म्हणाली. "माझ्या वाक्याचा प्रश्न होता. मला आनंदच झाला. आणि मी बोलायला लागले तर... तेच आलं. जिभेला वळणच पडलं होतं. आय वर्क विथ फुल... आणि त्या चष्म्यावाल्या बाईंनी पुढचं माझ्याबरोबर म्हटलं. पाठ झालं होतं त्यांना, आधीच्यांचं ऐकून ऐकून. मग ते तिघं हसले. त्या बाईंनी नंतर तोंडावर हात ठेवला, सॉरी म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, माझं दुसरं आहे. पण त्यांनी फाईल मिटली होती."

वर्गातल्या एकालाही नोकरी मिळाली नाही. सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं म्हणजे ह्यांना कोणीतरी पढवून पाठवलंय, असा संशय तिथल्यांना आला म्हणे. जावई म्हणाले, "त्यांची माणसं आधीच ठरलेली असणार. असं असतंच हो. पुढच्या खेपेला वाक्य जरा लांब करू." आणि चहा मागवला.

त्या दिवशी भावाच्या घरी वहिनीने हॅलोताईला एक शब्द विचारला नाही. उलट ताटात भाजी नेहमीपेक्षा जास्त वाढली. ती भाजी ताटात तशीच राहिली, असं तिने दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. दुपार होती. खोलीत दोघीच होत्या, आणि मी.

"बाई, हे चुकतंय हे तुम्हाला कळत होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"तुम्हीच शिकवलंत ना, काय केलं एवढं सांगून भागत नाही म्हणून? सांगा ना मग. इंग्रजीत सांगा, वर्गात आम्हाला सांगायला लावायचात तसं."

बाई उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सवयच ती. माझ्यावर जावयांचं वाक्य चकाकत होतं. बाई त्यावरून नजर काढून म्हणाल्या, "आय केप्ट क्वाएट." मी गप्प बसले.

"कसं?"

"अगेन्स्ट माय विल." मनाविरुद्ध.

हॅलोताईने मान हलवली. "नाही बाई. तुमचं तोंड कोणी दाबलं नव्हतं. मी बघत होते तुमच्याकडे. वाक्य खरं पाहिजे, तुमचाच नियम."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग बाई म्हणाल्या, "ऑफ माय ओन फ्री विल." आपणहून.

"कशासाठी?"

"फॉर द सेक ऑफ माय डॉटर."

लेकीसाठी. हॅलोताई रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. ती म्हणाली, "माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. ते मला कळतं. पण बाई, मग मला ते वाक्य करायला शिकवायचंच नव्हतं. मला येतच नसतं तर मी गमावलं काय असतं?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला. ती मागे सरली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "जाते मी."

मित्रांनो, आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. कितीही भांडण झालं तरी 'येते' म्हणतात. ती 'जाते' म्हणाली आणि तिने खरंच पुन्हा तो जिना चढला नाही.

ती गेल्यावर बाईंनी खालून पक्कड मागवली आणि माझे खिळे उपसायला लागल्या. म्हाताऱ्या मनगटात बळ ते किती. एक खिळा निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला आणि मी मधल्या खाचेपासून कडेपर्यंत चिरलो. त्या आवाजाने जावई आले. चिरफळी पाहून म्हणाले, "अहो सासूबाई, मला सांगायचंत ना! जाऊ द्या, आता मोठी स्क्रीनच घेऊ." ते रागावले नाहीत. त्यांचं काही बिघडलंच नव्हतं.

आता मी खाली पायरीवर आडवा पडलो आहे, उताराची फळी म्हणून. जावयांची स्कूटर रोज माझ्यावरून चढते आणि उतरते. वर शिकवणी जोरात चालली आहे. स्क्रीनवर एक वाक्य येतं आणि सगळे ते एका सुरात म्हणतात. वाक्य खरोखरच लांब केलंय. अधूनमधून कोणाला नोकरी लागते, त्याचा फोटो दारावर लागतो. ज्यांना लागत नाही त्यांचा फोटो कोण लावणार! हॅलोताई अजून भावाकडेच आहे. नळवाला सायकलवाल्याला सांगत होता, ती आता त्यांच्या घरचा सगळा स्वयंपाक करते आणि फोन वाजला तर उचलत नाही. बाई आतल्या खोलीत असतात. त्यांना खाण्यापिण्याला काही कमी नाही. ज्या लेकीसाठी त्या गप्प बसल्या तिचा संसार टिकला. भिंतीपलीकडचे आवाज मात्र थांबलेले नाहीत, ते आता मला पायरीवरही ऐकू येतात.

आत्मवृत्त सांगणाऱ्या माझ्या जातीतले सगळे शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, आम्हाला फेकू नका, आमची आठवण ठेवा, असलं काहीबाही. मला तसलं काही नको. मी चिरलोय, मला आता पुसून काय उपयोग? मी मागतोय ते तुमच्यासाठीच. उद्या कोणी गोड आवाजात तुमच्या तोंडी तयार वाक्य घालेल. सगळे तेच म्हणत असतील. तुमच्या खऱ्या वाक्याला तो रडगाणं म्हणेल. आणि तुम्ही ज्याच्याकडे आशेने बघाल तो खाली बघत असेल. तेव्हा उभे राहा आणि आपलंच सांगा, अडखळत सांगा, चुकत सांगा. आणि कधी तुमच्याकडे कोणी तसं बघितलं, तर खाली बघू नका. मला खिळे ठोकले तेव्हा मला ओरडता आलं नाही, कारण मी लाकूड आहे. तुम्हाला तोंड आहे. बाईंनाही होतं.